सिंगल हँड, नॉन-अ‍ॅक्सिडेंट आणि पुरातली: सांगलीतल्या एका स्विफ्टचा तपास

गाडी: मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, मे २०१८ची नोंदणी, एमएच १० पासिंग. जाहिरातीत किलोमीटर ४६,००० आणि मागणी ४ लाख ४५ हजार. खरेदीदार: तासगाव तालुक्यातलं शिक्षक जोडपं. रोजचं जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, बजेट कागदपत्रं आणि किरकोळ कामांसह साडेपाच लाख. काळ: २०२४चा दसरा तोंडावर. निकाल: ही गाडी घेतली नाही, तीन आठवड्यांनी विट्यातली दुसरी घेतली. गाड्यांचे नंबर आणि माणसांची ओळख इथे दिलेली नाही.

जाहिरातीत चार दावे होते: कमी किलोमीटर, ठोकलेली नाही, इंजिन टॉप कंडिशन, सिंगल हँड म्हणजे एकाच मालकाची. पहिले तीन तपासाअंती खरे निघाले, म्हणून तर हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखं आहे. खोटा होता तो शेवटचा, वरवर सर्वांत बिनमहत्त्वाचा वाटणारा दावा. त्याचा धागा ओढत गेल्यावर बाकी सगळं उलगडलं. मोबाइलवर मिळालेल्या तारखांनी प्रश्न उभा केला. उत्तर मात्र सीटबेल्टच्या पट्ट्यावर आणि कार्पेटखाली होतं.

३१ जाहिराती, एक तक्ता

शोधाची सुरुवात नेहमीसारखीच झाली. ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, कारवाले, शिवाय सांगली-मिरज आणि कऱ्हाडच्या गाडीबाजारांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. फरक एवढाच की जोडप्याने पहिल्या दिवसापासून गूगल शीटमध्ये तक्ता ठेवला. त्यात पासिंग, नोंदणीचा महिना, व्हेरियंट, किलोमीटर, मागणी, जाहिरात पहिल्यांदा दिसल्याची तारीख आणि विक्रेता मालक की व्यापारी, हे रकाने होते. दोन आठवड्यांत ३१ नोंदी झाल्या. त्यातल्या २०१७-१८च्या पेट्रोल व्हीएक्सआय ९ होत्या आणि त्यांची मागणी ५ लाख ५ हजार ते ५ लाख ७० हजार.

मागणी म्हणजे भाव नव्हे. पण नऊ मागण्या समोर असल्या की दहावी वेगळी का, हे विचारता येतं. आपली गाडी सर्वांत स्वस्त गाडीपेक्षाही ६० हजारांनी खाली होती. एवढ्या फरकाची कारणं आपल्याकडे ठरलेली आहेत: कर्नाटक पासिंग, बँकेचा बोजा न उतरलेला, टूरिस्ट परमिटवरून प्रायव्हेटला वळवलेली, जबर ठोकलेली, किंवा पाण्यात गेलेली. मालकाला पैशाची घाई हे सहावं कारण. विक्रेता नेहमी तेच सांगतो.

वाटेत दोन जाहिराती झटपट गळल्या. एक केए २३ पासिंगची. मिरज आणि जतच्या बाजूला चिकोडी, विजापूरच्या गाड्या स्वस्त दिसतात, पण त्या महाराष्ट्रात नावावर करायच्या तर तिकडच्या आरटीओची फॉर्म २८वरची एनओसी लागते, इकडचा एकरकमी कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो, आणि तिकडच्या कराचा परतावा हा वेगळाच खटाटोप असतो. दुसरी जाहिरात सव्वादोन लाखांतल्या २०१९च्या गाडीची. विक्रेता स्वतःला लष्करी जवान म्हणवत होता, बदली झाली म्हणून गाडी विकतोय, आधी ‘गेटपास’ आणि ‘ट्रान्सपोर्ट’चे पैसे पाठवा. ही फसवणूक इतकी जुनी आहे की तिच्यावर वेळ घालवू नये. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी, कारण पहिल्या काही तासांत रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते.

फोटोत काय नव्हतं

जाहिरातीत १४ फोटो. बाहेरून चारी बाजू, डॅशबोर्ड, मीटर, नवेकोरे सीट कव्हर, नवे जाड मॅट. डिकी उघडलेली होती, पण स्टेपनीवरची पाटी उचललेली नव्हती. बोनेट उघडलेलं होतं आणि इंजिन धुऊन, पॉलिश मारून चकचकीत केलेलं. सहा वर्षांच्या गाडीचं इंजिन धूळ-तेलाने थोडं मळकं असणं चांगलं, कारण गळती कुठून आहे ते तरी दिसतं.

नवे सीट कव्हर सगळेच विक्रेते टाकतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. इथे खरं काम केलं ते कागदाच्या फोटोंनी. फोनवर दोनच गोष्टी मागितल्या: आरसीच्या दोन्ही बाजू आणि विम्याची पूर्ण पॉलिसी, फक्त पहिलं पान नव्हे. पॉलिसी देताना का-कू झाली. ती आली दुसऱ्या दिवशी.

तारखा जुळत नाहीत

एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकला. नोंदणीची तारीख, इंधन, बीएस ४, विमा आणि पीयूसीची मुदत आरसीशी जुळली. बोजा नाही, काळ्या यादीत नाही. मालकाचं नाव तिथे अर्धवट झाकलेलं दिसतं, पण आरसीवरच्या नावाशी अक्षरं ताडून बघायला तेवढं पुरतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकून थकीत दंडही पाहिला. काही निघालं नाही.

बहुतेक खरेदीदार इथेच थांबतात आणि ‘ऑनलाइन चेक केली, क्लीन आहे’ असं सांगतात. सरकारी नोंदीत गाडी ठोकली का, बुडाली का, किती क्लेम घेतले, यातलं काहीही नसतं. त्या नोंदीचा विषय मालकी आणि कर हा आहे, गाडीची तब्येत नव्हे.

तब्येतीचा सुगावा विम्याच्या पॉलिसीत होता. तीन गोष्टी खटकल्या.

पहिली, आरसीवर ओनर सिरियल २. म्हणजे सिंगल हँड नाही. विक्रेता हा खरेदी-विक्री करणारा व्यापारी. त्याचं उत्तर तयार होतं: “सर, वडिलांच्या नावावरनं मुलाच्या नावावर केली एवढंच. गाडी एकाच घरातली.” असं होतंही. म्हणून एवढ्यावर गाडी सोडणं चुकीचं ठरलं असतं.

दुसरी गोष्ट पॉलिसीच्या महिन्याची. मे २०१८मध्ये नवी घेतलेली गाडी. सप्टेंबर २०१८पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्याआधीच्या गाडीची पॉलिसी एकेका वर्षाची, म्हणजे ती दर मे महिन्यात नवी व्हायला हवी. आताची पॉलिसी मात्र फेब्रुवारी २०२४ ते फेब्रुवारी २०२५. कधीतरी मेची साखळी तुटली आणि फेब्रुवारीत नवी सुरू झाली.

तिसरी गोष्ट नो क्लेम बोनसची, आणि ती सर्वांत नेमकी. क्लेम न घेतलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्यानंतर ५०, अशी ही शिडी आहे. एक क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य. एकाच मालकाकडे क्लेमविना चाललेली ही गाडी मे २०२३मध्येच ५०वर पोचली असती. पॉलिसीवर होते ४५. चार पायऱ्या मागे मोजा: फेब्रुवारी २०२३ला ३५, २०२२ला २५, २०२१ला २०, आणि फेब्रुवारी २०२०ला शून्य.

बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे गाडी दुसऱ्या मालकाकडे गेली की त्याची शिडी शून्यापासून सुरू होणं साहजिक आहे. ओनर सिरियल २ आणि फेब्रुवारी २०२० या दोन गोष्टी एकमेकींशी नीट बसल्या. आता प्रश्न उरला तो असा: एकवीस महिन्यांची, बोजा नसलेली स्विफ्ट पहिल्या मालकाने २०२०च्या सुरुवातीला का काढली? आणि मे २०१९ला सुरू झालेली त्याची पॉलिसी पुढे का चालली नाही?

सांगलीत राहणाऱ्याला या दोन तारखांच्या मध्ये काय येतं हे विचारावं लागत नाही. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे आणि त्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड या भागांत पार्किंगमधल्या गाड्या जागच्या जागी बुडाल्या.

पुढे अशा गाडीचं काय होतं, हे समजून घ्यायला हवं. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी भंगार म्हणून लिलावात जाते. आरसी रद्द झाली नाही तर ती भंगारासोबत फिरते. लिलावात घेणारा गाडी धुतो, सुकवतो, सीट आणि छोटी मॉड्यूल बदलतो आणि विकतो. दुसरा मार्ग अधिक साधा: मालक क्लेम घेऊन किंवा न घेता दुरुस्ती करतो आणि पहिल्या संधीला गाडी काढून टाकतो. दोन्ही मार्गांनी आलेली गाडी सरकारी नोंदीत सारखीच स्वच्छ दिसते.

तोवर हा संशयच होता. म्हणून आरसीवरच्या मालकाशी थेट बोलायचं आहे, अशी अट घातली. मालकाचा फोन दोन दिवसांनी आला. ते सरळ बोलले: २०२०च्या सुरुवातीला सांगलीतल्या एकाकडून घेतली, नातं काही नाही, सर्व्हिस बाहेर केली. वडील-मुलाची गोष्ट तिथेच संपली. त्यांनी परवानगी दिल्यावर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून जुनी हिस्ट्री मिळाली. १,००० आणि ५,००० किलोमीटरची, मग १०,००० किलोमीटरची, आणि शेवटची मे २०१९मध्ये १४,२०० किलोमीटरला. त्यानंतर अधिकृत नोंद नाही.

इथे एक गंमत लक्षात घ्यावी. मे २०१९पर्यंत वर्षाला १४ हजार आणि पुढच्या सव्वापाच वर्षांत जेमतेम ३२ हजार. मीटर मागे फिरवल्याची शंका अशा वेळी पहिली येते. पण करोनाची दोन वर्षं आणि दुसऱ्या मालकाचा कमी वापर धरला तर हिशेब बसतो. पुढे स्टिअरिंगचं चामडं, पेडलची रबरं आणि ड्रायव्हर सीटची कड पाहूनही ४६ हजार पटण्यासारखेच होते.

गाडीपाशी: दोन तास, सकाळी आठला

मिरजेतला एक मेस्त्री दीड हजार रुपये देऊन बरोबर घेतला. विक्रेत्याच्या ओळखीचा मेस्त्री फुकट मिळत होता, तो नको म्हटला. वेळ सकाळची, आणि आदल्या रात्रीपासून गाडी सुरू करू नये अशी विनंती. बोनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री केली. गरम इंजिन सुरू करून दाखवणाऱ्याला थंडीतली खडखड आणि पहिला धूर लपवता येतो.

आधी रंग. पेंट थिकनेस मीटरने छतापासून सुरुवात केली, कारण छताला अपघातात क्वचितच धक्का लागतो आणि तिथला आकडा मोजपट्टीसारखा वापरता येतो. छत ११० मायक्रॉन, बोनेट ११५, चारही दारं १०० ते १३०च्या आत. दुसरा हात मारलेल्या पत्र्यावर हा आकडा साधारण २००च्या पुढे जातो आणि लांबी (पुट्टी) भरली असेल तर ५००च्याही वर. बोनेट, फेंडरच्या बोल्टवर पान्याचे व्रण नव्हते. काचांवरचे शिक्के एकाच वर्षाचे. नॉन-अ‍ॅक्सिडेंट हा दावा खरा.

टायरवरचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. धावते चारही टायर २०२२चे, १६५/८० आर १४. स्टेपनीवर १०१८, म्हणजे २०१८चा दहावा आठवडा, गाडीबरोबर आलेली मूळ. ठीक.

इंजिन पहिल्या चावीला लागलं. धूर नाही, ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय नाही, कूलंट स्वच्छ. पुरातल्या गाडीचं इंजिन चांगलं कसं, असं विचारणारे याच ठिकाणी फसतात. उभ्या गाडीत पाणी सीटच्या उंचीपर्यंत चढलं तर हवेची नळी त्याहून वर असल्याने सिलिंडरमध्ये पाणी जात नाही. इंजिन मरतं ते पाण्यात गाडी चालवली किंवा बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारला तर. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. या गाडीबाबत कुणीतरी शहाणपणाने चावी फिरवली नव्हती.

मग आतली बाजू. पाच वर्षांनी पुराचा वास राहत नाही, त्यामुळे नाकावर विसंबून उपयोग नव्हता. गाळ राहतो. कृष्णेचा गाळ काळा आणि पिठासारखा बारीक असतो, वाळला की साबणाने पुसला तरी फटीत बसून राहतो. जुलै २०२१च्या चिपळूणच्या पुरातल्या गाड्या घाटावर आल्या तर त्यांच्यात लालसर माती सापडते. रंगावरून गाडी कुठल्या पाण्यात होती याचा अंदाज लागतो.

सर्वांत आधी सीटबेल्ट. पुढचा डावा पट्टा शेवटपर्यंत, रिळ संपेपर्यंत ओढला. रोज वापरताना पट्ट्याचा जो भाग कधीच बाहेर येत नाही, त्यावर आडवी तपकिरी रेघ होती आणि तिच्या खालचा पट्टा किंचित कडक. उजव्या बाजूला रेघ नव्हती, पण पट्टा नवा होता. त्यावरच्या लेबलवरची उत्पादनाची तारीख २०१९च्या शेवटची. गाडीपेक्षा दीड वर्षाने तरुण सीटबेल्ट कुणी हौसेने बसवत नाही.

ड्रायव्हर सीट पूर्ण मागे सरकवली. रुळांच्या खाचेत काळा गाळ सुकून बसलेला आणि सीटच्या बोल्टची डोकी गंजलेली, वर पान्याचे चकचकीत व्रण. सीट निघाली होती. दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी सोडवून कार्पेटचं टोक उचललं. व्यापाऱ्याची परवानगी घेऊनच, आणि ती त्याने मनाविरुद्ध दिली. कार्पेटखालचा जाड नमदा नवा, हाताने कापलेला, कडा वेड्यावाकड्या. खालच्या पत्र्यावर जागोजागी तांबेरा. ब्रेक पेडलच्या कंसावर आणि स्टिअरिंग कॉलमच्या खालच्या सांध्यावर गंज. या दोन जागा धुण्याच्या पाण्याने ओल्या होत नाहीत.

डॅशबोर्डखालचा एक कनेक्टर सोडवला. पिनांवर हिरवट पूड. तांब्याचा गंज. मागच्या डाव्या दिव्याच्या आत, काचेच्या तळापासून चार बोटांवर, फिकट पाणरेघ. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात रबरी बूच नवं आणि कडेला गाळाची पापडी. जॅक गंजून जाम. स्वस्त वस्तू बदलायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून त्या बघाव्यात.

शेवटी चावी फक्त ‘ऑन’वर. या पिढीच्या स्विफ्टमध्ये दोन एअरबॅग आणि एबीएस सर्वच व्हेरियंटमध्ये आहेत. चावी ऑन केली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा. एबीएसचा पेटला आणि विझला. एअरबॅगचा पेटलाच नाही. दिवा पेटून राहणं म्हणजे बिघाड. अजिबात न पेटणं म्हणजे बिघाड कुणीतरी डोळ्यांआड केलाय. एअरबॅगचं मॉड्यूल बहुतेक गाड्यांत मधल्या बोगद्यावर, गिअरच्या आसपास, म्हणजे जमिनीलगत असतं. पाणी शिरल्यावर आधी तेच जातं.

गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं स्वस्तातलं ब्लूटूथ ओबीडी यंत्र लावून मोबाइलवर पाहिलं. फॉल्ट कोड एकही नाही. पण ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ ३८ किलोमीटर आणि तेवढ्यात इंजिन तीनदा गरम झालेलं. कोड दोन-तीन दिवसांपूर्वी पुसले होते, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिस्टची स्वयंचाचणी अजून अपुरी. बॅटरी काढल्यानेही काही गाड्यांत असं होतं, त्यामुळे हा एकटा पुरावा धरू नये. हे यंत्र एअरबॅगचे कोड बहुधा वाचतही नाही, त्यासाठी वर्कशॉपचा स्कॅनर लागतो. आणि हाच आकडा मीटरपेक्षा जास्त दिसला असता, तर मीटर मागे फिरवलं हे जागेवर सिद्ध झालं असतं.

३ लाख ९० हजार

कार्पेट उचलल्यावर भाव पडला. आधी चार लाख वीस, मग निघताना ३ लाख ९० हजार. इतर मागण्यांपेक्षा लाखाहून अधिक स्वस्त. “सर, पाण्याचं काय एवढं, पाच वर्षं चालतीय की गाडी.” खरंच चालत होती. मग का सोडली?

ठोकलेल्या गाडीचं नुकसान एकदा होतं आणि थांबतं. भिजलेल्या वायरिंगचं नुकसान थांबत नाही. तारांच्या दाबून केलेल्या जोडात (क्रिंपमध्ये) शिरलेला ओलावा तांब्याला खात राहतो, विरोध वाढतो, आणि मग एके दिवशी पॉवर विंडो, दुसऱ्या दिवशी सेंट्रल लॉक, कधी पावसात स्टार्ट न होणं, अशी सुटी सुटी दुखणी सुरू होतात. प्रत्येक वेळी मेस्त्री एक भाग बदलतो आणि दोष दुसरीकडे निघतो. संपूर्ण हार्नेस, म्हणजे वायरिंगचा अख्खा जुडगा, बदलणं हा एकच खरा उपाय, आणि मजुरीसकट त्याचा आकडा आधी कुणी छातीठोक सांगत नाही. ज्याचा खर्चच सांगता येत नाही, त्याच्यावर किती सूट मागायची?

त्याहून मोठी बाब एअरबॅगची. मॉड्यूल, स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग, बेल्टचे प्रीटेन्शनर, सगळं बदललं तरी त्याला जोडणाऱ्या तारा त्याच भिजलेल्या. रोज पन्नास किलोमीटर दोघांनी ज्या गाडीतून जायचं, तिथे हा हिशेब लाखभर रुपयांनी भरून निघत नाही. गाडी शेतावर ने-आण करायला, वर्षाला दोन हजार किलोमीटर चालवायला कुणी स्वतः मेस्त्री असलेला घेत असेल, तर ३ लाखांत ती वाईट खरेदी ठरणार नाही. पुरातली गाडी प्रत्येकाने नाकारावी असं नाही. ती पुरातली आहे हे माहीत असायला हवं.

व्यापाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता, तो निघताना विचारला: आरटीओचं अधिकारपत्र आहे का? १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला फॉर्म २९बीचं अधिकारपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना मालकाने फॉर्म २९सीवर वाहन पोर्टलवर द्यायची असते. इथे तसं काही नव्हतं. मालकाच्या सह्या घेतलेले मालकीबदलाचे कोरे फॉर्म २९ आणि ३० फाइलमध्ये होते, तेवढेच. कोऱ्या सह्यांवरची गाडी तीन हातांतून फिरते आणि अपघात झाला तर नोंदीतला मालक अडकतो. नोंदीत नाव ज्याचं, जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्येच स्पष्ट केलं आहे.

विट्याची गाडी: बोजा फिटला, उतरला नव्हता

दुसरी गाडी तक्त्यात आधीपासून होती. विट्यातल्या एका डॉक्टरांची, ऑक्टोबर २०१७ची व्हीएक्सआय, ६८,००० किलोमीटर, पहिला मालक, मागणी ५ लाख ३० हजार. बोनस ५० टक्के, पॉलिसी दर ऑक्टोबरची, सर्व्हिस हिस्ट्री सलग. विट्यापर्यंत कृष्णेचा पूर येत नाही हे खरं, पण गाडीला चाकं असतात, म्हणून सीटबेल्ट इथेही शेवटपर्यंत ओढून पाहिले. मागचा बंपर एकदा रंगवलेला, मालकानेच सांगितला. टायर २०१८चे, चारही बदलायचे. सौदा ५ लाख ५ हजारांना ठरला.

अडचण होती कागदात. कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटलेलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. हे फार आढळतं. हप्ते संपले की लोक बँकेचं पत्र कपाटात ठेवतात, आणि त्या पत्राची मुदत साधारण तीन महिन्यांची. डॉक्टरांना नवं पत्र आणि बोजा उतरवण्याच्या फॉर्म ३५च्या दोन प्रती बँकेच्या सही-शिक्क्यासह पुन्हा आणाव्या लागल्या.

पैसे असे गेले: १० हजार इसार, बँकेतून, इसार पावतीवर चॅसी आणि इंजिन असे दोन्ही नंबर, किंमत आणि ‘बोजा न उतरल्यास इसार परत’ ही ओळ. ताबा घेताना ४ लाख ७० हजार आरटीजीएसने. उरलेले २५ हजार बोजा उतरल्यावर. रोखीचा प्रश्नच नव्हता, कारण एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रोख घेणाऱ्याला आयकर कायदा आडवा येतो. डिलिव्हरी नोटवर तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्या. पहिल्या रात्री कुठे चलान फाटलं तर ते कुणाचं, हे त्या वेळेवरून ठरतं.

अर्ज वाहन पोर्टलवर भरला: फॉर्म २९च्या दोन प्रती, फॉर्म ३०, बोजा उतरवण्याचा अर्ज, आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो आणि चॅसी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी आणि घेणारे दोघेही एमएच १०मधलेच असल्याने दुसऱ्या कार्यालयाचा संबंध आला नाही. आज असा व्यवहार करणाऱ्याने आणखी एक बघावं: १ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसलेली नसेल तर आरटीओतली कामं अडतात. कारसाठी ती ७४५ रुपये अधिक जीएसटी. विकणाऱ्याकडूनच आधी बसवून घ्यावी.

विम्यात एक खर्च लोक विसरतात. थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग आपल्या नावावर करायला १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज लागतो, आणि डॉक्टरांचा ५० टक्के बोनस त्यांच्याबरोबर जातो. उरलेल्या मुदतीपुरती बोनसची रक्कम नव्या मालकाला भरावी लागते. पॉलिसी ऑक्टोबरातच संपत असल्याने हा फरक किरकोळ निघाला. जोडप्याने सरळ नवी पॉलिसी काढली, शून्य बोनसवर. डॉक्टरांनी बोनस राखल्याचं पत्र घेतलं. ते तीन वर्षांत नव्या गाडीला वापरता येतं.

बोजा उतरल्याची नोंद पोर्टलवर दिसली त्या दिवशी २५ हजार गेले. फास्टॅग मात्र सगळेच विसरले. ताबा घेतल्यावर नवव्या दिवशी गाडी साताऱ्याकडे निघाली, आणि तासवडे टोलनाक्यावर कापलेल्या पैशांचा मेसेज विट्यात डॉक्टरांच्या मोबाइलवर वाजला. जुना टॅग त्यांनी त्याच संध्याकाळी बंद केला. नवा लागेपर्यंत पुढचे दोन टोल दुप्पट भरावे लागले.